झाड कुणाचे, घर कुणाचे?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विटा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांच्या स्लिपा तपासणे हे माझे काम. कार्यकारिणीने "संकटकाळातील शेजारधर्म" हा विषय माझ्या गळ्यात घातला तेव्हा मी आधी नकारच दिला होता. या विषयावर पुस्तकी बोलणारे पुष्कळ आहेत. पण नंतर मला माझ्या आक्काचे घर आठवले. त्या घरावर शेजाऱ्याचा फणस पडला होता. त्या फणसाची गोष्ट सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

आपण विटेकर माणसे. आपले दुःख पाण्याचे. खानापूर तालुक्याचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुष्काळच येतो. झाड पडून घर मोडते, रस्ते बंद होतात, गाव आठ-आठ दिवस जगापासून तुटते, ही गोष्ट आपल्या कल्पनेत सहजासहजी येत नाही. पण वळवाचा वारा आपल्यालाही ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यात आभाळ काळे झाले की यंत्रमागाच्या शेडचे पत्रे कागदासारखे उडतात आणि रस्त्याकडेचे एखादे जुने झाड तारांवर आडवे होते. म्हणून हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात दिलेली आहे. मंडणगड तालुका म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मूळ आंबडवे गावाचा तालुका. सगळा डोंगराळ मुलूख. आंबा, काजू, फणस, साग, ऐन, किंजळ यांच्या गर्दीत कौलारू घरे लपलेली असतात. गाव एका जागी नसते. वाड्यावाड्यांत विखुरलेले असते, आणि बौद्धवाडी बहुतेक ठिकाणी गावाच्या एका टोकाला. आक्काचे घर अशाच एका बौद्धवाडीत, उतारावर आहे. गावाचे नाव मी सांगत नाही, कारण गोष्ट एकाच गावाची नाही.

३ जून २०२० रोजी "निसर्ग" चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले. हिंदी महासागराच्या उत्तर भागातील वादळांना नावे देण्याचे काम तेरा देश मिळून करतात. २०२० साली या देशांची नवी यादी निघाली आणि तिच्यातले बांगलादेशने सुचवलेले हे पहिलेच नाव. दुपारच्या सुमारास अलिबागच्या दक्षिणेला वादळ जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. रायगडमधील श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग आणि रत्नागिरीतील दापोली, मंडणगड या तालुक्यांना सर्वांत मोठा तडाखा बसला. त्याआधी ११ नोव्हेंबर २००९ रोजी "फयान" येऊन गेले होते. पण निसर्गाने जे केले ते आमच्या दाजींच्या आईनेही आयुष्यात पाहिले नव्हते, आणि तिने ऐंशी पावसाळे पाहिले होते.

विद्यार्थी मित्रांनी विचारावे की एवढी झाडे का पडली? कोकणच्या डोंगरावर जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ असतो. मुळे खोल जाण्याऐवजी आडवी पसरतात. नारळ-सुपारीला तर सोटमूळच नसते. त्यातून चक्रीवादळाचा वारा गोल फिरणारा. वादळ पुढे सरकते तशी एकाच ठिकाणी वाऱ्याची दिशा बदलत जाते. वर्षानुवर्षे नैऋत्येच्या पावसाळी वाऱ्याशी झुंजून ज्या झाडाने त्या बाजूने आपला तोल सांभाळलेला असतो, त्याला वारा दुसऱ्या बाजूने पिळू लागला की ते उन्मळते. जूनच्या आरंभी फणस फळांनी लगडलेला असतो. डोक्यावर ओझे आणि पायाखाली पातळ माती, अशी त्याची गत.

त्या दिवशी दुपारपासून आक्काचा फोन लागेना. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मोबाईलचे टॉवर बंद, विजेचे खांब आडवे. चौथ्या दिवशी तिच्या पुतण्याने डोंगर चढून, कुठेतरी रेंज पकडून दोन मिनिटे फोन केला. आक्का एवढेच म्हणाली, "बापू, आम्ही जिवंत हाय. घर नाही. ताडपत्री मिळाली तर बघ."

तेव्हा टाळेबंदी चालू होती. जिल्हा ओलांडायला ई-पास लागत असे. आपल्यापैकीच काही सभासदांनी वर्गणी काढली. अकरा ताडपत्र्या, सुतळी, खिळे, मेणबत्त्या आणि ज्वारीचे पीठ घेऊन मी १३ जूनला निघालो. तो दुसरा शनिवार होता, रविवार होता, आणि पुढे दोन दिवसांची रजा टाकली होती. कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड असा रस्ता. खेड मागे पडले आणि मंडणगडचे डोंगर सुरू झाले तसे झाडांचे शेंडे दिसेनासे झाले. ज्या डोंगरावर नजर ठरत नव्हती एवढी हिरवाई असे, तो डोंगर कुणीतरी उलटा कंगवा फिरवावा तसा दिसत होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना कापलेल्या बुंध्यांच्या ताज्या चकत्या पडलेल्या होत्या. मोठा रस्ता सरकारी यंत्रांनी मोकळा केला होता. पण गावात जाणारा फाटा, फाट्यावरून वाडीत जाणारी पायवाट, हे सगळे गावच्या माणसांनी कोयता, कुऱ्हाड आणि करवतीने मोकळे केले होते.

आता फणसाची गोष्ट. आक्काच्या घरामागे दगडी गडगा आहे. गडग्यापलीकडची जमीन वरच्या वाडीतल्या एका वयस्कर गृहस्थांची. त्यांना सगळे तात्या म्हणतात. फणस त्यांचा, पण त्याची अर्धी सावली आणि अर्धा पाला आक्काच्या कौलांवर. वादळाच्या दोन वर्षे आधी आमच्या दाजींनी फांदी छाटण्याबद्दल ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिला होता. तात्यांना तो अपमान वाटला. "चार पावलांवर माझं घर, मला येऊन सांगता आलं नाही?" असे ते म्हणाले. दाजी म्हणाले, "त्यांच्या ओट्यावर मी कुठल्या तोंडाने जाऊ? आमच्या बापाला त्यांच्या अंगणात उभं राहावं लागायचं." दोघांचेही खरे होते. फांदी तशीच राहिली आणि बोलणे बंद झाले.

३ जूनला दुपारी तो फणस मुळासकट उपटून मागच्या पडवीवर आला. वासे मोडले, कौलांचा चुरा झाला, आणि दाजींची आई माजघराच्या दाराआड अडकली. वारा असा की उभे राहता येत नव्हते. शेजारच्या दोन घरांतली माणसे अंगणातून रांगत आली. त्यांनी दार फोडून म्हातारीला ओढून काढले. तिचे मनगट मोडले होते, पण जीव वाचला. त्या वेळी कुठली यंत्रणा पोहोचू शकली असती? कुठलीच नाही. मी कुणाला दोष देत नाही. वादळाचा पहिला तास शेजाऱ्याचाच असतो, एवढेच सांगतो.

पण पहिल्या तासानंतर दुसरा दिवस येतो, आणि खरी परीक्षा तेव्हा होते. फणस घरावर पडलेला. पाऊस तोंडावर आलेला. तात्यांचा निरोप आला, "पंचनामा होईपर्यंत झाडाला हात लावू नका." त्यांचीही बरीच झाडे गेली होती, नुकसानभरपाई बुडेल ही भीती होती. दाजीही हट्टाला पेटले, "मग झाड घेऊन जा तुमचं." बंधू-भगिनींनो, झाड कुणाचे आणि घर कुणाचे, या प्रश्नात पुरा दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात घरातले धान्य भिजले.

कोंडी फोडली ती तात्यांच्या मुलाने. हा मुलगा मुंबईत नोकरीला. टाळेबंदीत गावी आलेल्या चाकरमान्यांना शाळेत चौदा दिवस वेगळे ठेवत, तसा तोही शाळेत होता. तो मुदत संपवून बाहेर पडला आणि करवत घेऊन थेट आक्काच्या दारात आला. त्याच्या मोबाईलमध्ये थोडी बॅटरी शिल्लक होती. त्याने चारी बाजूंनी झाडाचे आणि घराचे फोटो काढले. वहीच्या पानावर तारीख, वेळ, झाडाचा घेर, मोडलेल्या वाशांची संख्या लिहिली. खाली तात्यांची सही, दाजींची सही आणि दोन्ही वाड्यांतल्या एकेका माणसाची साक्ष घेतली. मग म्हणाला, "झाला पंचनामा. आता कापा." पुढे तलाठी आले तेव्हा त्यांनी ते फोटो आणि ते पान पाहूनच नोंद केली.

कापण्याचेही शास्त्र असते. आधी माजघराला आतून टेकू दिले. मग शेंड्याकडून बुंध्याकडे येत, एकेक फांदी दोराने बांधून उतरवली. दाबाखाली वाकलेली फांदी कापताना सुटून माणसाला फेकून देते, म्हणून तिच्या वाकाच्या बाजूला कुणी उभे राहायचे नाही. ओल्या कौलांवर चढायचे नाही. जवळ तार पडलेली असेल तर ती मेलेली आहे असे कधी धरायचे नाही. लाकडाची वाटणीही तिथेच ठरली. बुंधा तात्यांचा, फांद्या आक्काच्या चुलीला, आणि नव्या छपराचे वासे तात्यांच्या पडलेल्या सागातून. त्या सागाचे पैसे तात्यांनी घेतले नाहीत. दाजींनी मात्र त्यांच्या काजूच्या बागेतली झाडे आवरायला चार दिवस दिले. कुणी कुणावर उपकार केले नाहीत, आणि मला वाटते की म्हणूनच ते टिकले.

दुसरी गोष्ट पाण्याची. वीज गेली आणि नळयोजनेचे पंप थांबले. कित्येक वाड्यांत वीज यायला आठवडे लागले. वरच्या वाडीचे नळ कोरडे पडले. बौद्धवाडीला मात्र स्वतःची विहीर होती आणि तिच्यावर जुना रहाट शाबूत होता. दोर, पोहरा आणि हात एवढ्यावर ती चालत होती. पहिल्या दिवशी वरच्या वाडीतून कुणी आले नाही. दुसऱ्या दिवशी कळशा घेऊन मुले आली. तिसऱ्या दिवशी बाया आल्या. आक्का सांगते, "एक आजी काठावर नुसती उभी होती. मीच तिची कळशी शेंदून दिली. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी आली ती लोणच्याची बरणी घेऊन."

महाड तिथून फार लांब नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर काय घडले हे या सभागृहात मी सांगण्याची गरज नाही. त्या तळ्याच्या शेजारच्या डोंगरात, ९३ वर्षांनी, आमच्या विहिरीवर गाव पाण्याला आले, आणि आमच्या बायांनी कुणाला जात विचारली नाही. मला याचा अभिमान वाटतो. पण मी भाबडेपणाने बोलणार नाही. वीज आली, नळ सुरू झाले, आणि काही घरांतली माणसे पुन्हा विहिरीकडे फिरकली नाहीत. त्या काळात लोक म्हणत की कोरोनाने सगळ्यांनाच अस्पृश्य केले. मला ती तुलना कधी पटली नाही. शाळेत वेगळा ठेवलेला माणूस चौदा दिवसांनी मोकळा होत असे. तरीही जी आजी लोणचे घेऊन आली होती, ती अजून येते. एका वादळात एवढे झाले, हेही थोडे नाही.

आता माझ्या धंद्याचे दोन शब्द. शासनाने त्या वेळी फळबागांची मदत हेक्टरी १८ हजार रुपयांवरून ५० हजार रुपये केली. आकडा मोठा दिसतो. पण हेक्टर म्हणजे जवळजवळ १०० गुंठे. म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. दाजींची काजूची जागा सहा गुंठे, तेव्हा हिशेब झाला तीन हजार रुपयांचा. हापूसचे कलम चांगल्या उत्पन्नावर यायला आठ-दहा वर्षे घेते, काजूलाही तीन-चार वर्षे जातात. ज्यांची वाडी गुंठ्यांत, त्यांना हेक्टराचे माप कसे पुरणार? कोकणातल्या लहान बागायतदारांनी हाच प्रश्न लावून धरला, आणि पुढे नारळ-सुपारीसाठी झाडागणिक मदतीचा निर्णय झाला. मोजमाप कशाने करायचे यावर गरिबाचे नशीब ठरते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, जो दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जातो, त्याची तर रोजीच झाडाबरोबर आडवी झाली. त्याचे नुकसान झाडांच्या पंचनाम्यात कुठल्या रकान्यात बसणार?

तीन हजारांसाठी दाजींना जे करावे लागले तेही सांगतो. सातबाऱ्यावर अकरा नावे. त्यांतली पाच मुंबईला, दोन मयत, वारसनोंद नाही. सगळ्यांचे संमतिपत्र आणा, मग पैसे जमा होणार. घरपट्टीच्या उताऱ्यावर अजून त्यांच्या वडिलांचे नाव. खात्यावर दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नाही, म्हणून खाते निष्क्रिय. पासबुक भिजून लगदा झालेले. मी चार दिवसांतले दोन दिवस त्या वाडीतल्या लोकांची कागदपत्रे लावण्यात घालवले. कंदिलाच्या उजेडात अर्ज लिहिले. खरे तर कंदिलालाही रॉकेल नव्हते, गॅस आल्यापासून ते घरात येणेच बंद झाले होते. मेणबत्तीच्या उजेडात लिहिले असे म्हणतो.

आणि लिहिता लिहिता मला माझी लाज वाटली. बंधू-भगिनींनो, नाव जुळत नाही, सही जुळत नाही, उद्या या, असे मी काउंटरवरून आजवर किती माणसांना सांगितले असेल! नियम मोडावा असे माझे म्हणणे नाही. नियमामुळेच गरिबाचा पैसा सुरक्षित राहतो. पण "उद्या या" म्हणण्याआधी "काय आणायचे" ते कागदावर लिहून द्यायला मला दोन मिनिटेही लागली नसती. त्या प्रवासानंतर मी लिहून देतो.

मग आपण विट्यात काय करायचे? मी उपदेश करणार नाही, पाच कामे सुचवतो. एक, घरपट्टीचा उतारा, सातबारा आणि वारसनोंद यंदाच्या वर्षात तपासा, संकटाची वाट पाहू नका. दोन, बँकेचे खाते वर्षातून दोन वेळा तरी वापरा, आणि बँकांचे विलीनीकरण झाले असेल तर आयएफएससी क्रमांक बदलला आहे का ते पाहा. तीन, कागदांचे फोटो गावाबाहेरच्या एका नातेवाइकाच्या फोनवरही ठेवा. चार, प्रत्येक गल्लीत एक चांगला दोर, एक करवत, दोन ताडपत्र्या आणि प्रथमोपचाराची पेटी कुणाच्या घरी आहे हे सर्वांना माहीत असावे. आपल्या संस्थेने एवढे साहित्य घेणे अशक्य नाही. पाच, शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या छपरावर आली असेल तर अर्जाच्या आधी त्याच्या दारात जा. आणि आपल्या दारात कुणी असा आला तर त्याला अंगणात उभे ठेवू नका, आत बोलवा. दाजी आणि तात्या यांच्यात दोन वर्षे जे पडून होते, ते त्या फणसापेक्षा जड होते.

शेवटची आठवण सांगून थांबतो. निसर्गानंतर वर्ष उलटायच्या आत, १६ आणि १७ मे २०२१ रोजी "तौक्ते" चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. रेडिओवर इशारा ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी आक्काला फोन लावला. ती म्हणाली, "बापू, काळजी करू नको. घराभोवतीच्या फांद्या दोन महिन्यांपूर्वीच छाटल्यात. तात्या सकाळीच येऊन गेले. त्यांचं स्लॅबचं घर आहे ना, म्हणाले, आजींना आमच्याकडे झोपायला पाठवा."

"मग पाठवलं?"

"पाठवलं तर. तिथं ती आता त्यांच्या पलंगावर बसून चहा पितेय."

ज्या ओट्यावर दाजींच्या वडिलांना जाता आले नव्हते, त्याच्या आत, माजघरात, त्यांची विधवा त्या रात्री निवांत झोपली. त्या वाऱ्यात आक्काची पाच-पंचवीस कौले उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती परत बसली.

मी स्वतः विट्यात ज्या गल्लीत राहतो, तिथल्या उजव्या हाताच्या शेजाऱ्याचा फोन नंबर तोवर माझ्याकडे नव्हता. चौदा वर्षांचा शेजार! त्या संध्याकाळी जाऊन मी तो घेतला. आज सभा संपल्यावर जेवणाची पंगत आहे. आपल्या शेजारी जो बसेल त्याचा नंबर घ्या, त्याच्या घरी म्हातारे माणूस कोण आहे ते विचारा. एवढे केले तरी माझे इथे उभे राहणे कारणी लागले असे मी समजेन.